दारे चालू लागली त्याची हकीकत

दि. ९ एप्रिल, बुधवार, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. नऊ नंबरच्या ओसरीवर बसून (ही बहुधा सतराची असावी).

तीर्थस्वरूप मामांस भाच्याचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? मी बरा आहे. डोक्याची मात्र खात्री देत नाही.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून डोंगरातल्या या गावाची घरमोजणी मला मिळाली. सोमवारी तपासनीस साहेब येणार. यादी जुळली तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा तुमच्या माळ्यावर मुक्काम. म्हणून जिवापाड काम केले. मातीच्या भिंतींवर रंग धरेना, तेव्हा एक्केचाळीस नंबर दारांवर टाकले (पट्टीने आखून, दोन हात मारून). गावकरी कौतुकाने बघत होते. एक जण म्हणाला, "जरा वर लिही रे, वाहताना पुसलं जाईल." मी मान डोलावली. काय वाहताना, हे तेव्हाच विचारायला हवे होते.

काल उठलो तर गावाला दारेच नाहीत! उन्हाळा लागला की ही मंडळी गुरे घेऊन वरच्या घरांत राहायला जातात आणि दार पाठीवर घेऊन जातात. घरे दोन, दार एक. चांगले लाकूड मिळते कुठे? धापा टाकत वर आलो. इथल्या चौकटी लहानमोठ्या, म्हणून ज्याला जे बसले ते त्याने लावले आहे. नऊ नंबरच्या आजी आता सतरा आहेत. मी डोके धरून बसलो तर म्हणतात, "आकडा वाढलाच ना, मग रडतोस कशाला?" आता घर कुठले धरू, मामा? खालचे, वरचे, की दार? फॉर्मात तसा रकाना नाही.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. (शनिवार) : खाली जाणारे कोणी मिळेना म्हणून पत्र राहिले. आता साहेबांबरोबरच पाठवतो. ते दोन दिवस आधीच आले, चढावर पाय मुरगळला, आणि चौघे जण त्यांना तेवीस नंबरवर निजवून खाली नेत आहेत. तेवढे दार तातडीने परत पाठवा, त्या घरात गुरे शिरतात.

ता. क. दुसरा : दारावर पडल्या पडल्या साहेबांनी यादीत तेवीसपुढे सही केली आणि म्हणाले, "उरलेली चाळीसही अशीच कचेरीत आण, लगेच कायम करतो." हा हुकूम की थट्टा, एवढे त्यांना विचारून उलट टपाली कळवा. मंडळी फार भली आहेत. माझ्या नोकरीसाठी त्यांनी दारे उतरवायला घेतली आहेत.