‘खाली’ची दुरुस्ती

ता. ३

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आज पहाटे दारावर तीन टकटक ऐकल्यासारख्या वाटल्या. आपला मधला भाऊ शाळेतून आला की तीनदा वाजवून थांबायचा, आठवतं? चौथी मात्रा मी मनात मोजायची आणि पाचवीला दार उघडायचं. आधी उघडलं की म्हणायचा, दादा, बेताल आहेस, लाव परत.

त्याचा डावा हात कसा आहे? माझ्या संगीतकोशाची दुसरी आवृत्ती छापायला गेली आहे. वाटतं, एखादी नोंद त्याला तपासायला द्यावी. त्या निमित्तानं तरी बोलेल. बारा वर्षं झाली गं.

लोभ असावा, निदान तुझा तरी.
दादा

ता. ७

ती. दादास सा. न. वि. वि.

त्या कोशाचं नाव इथे काढू नकोस. अर्धांगाचा झटका आल्यापासून हात उचललेला नाही. डॉक्टरांनी बजावलंय, याच महिन्यात रोज व्यायाम केला तर येईल, नाहीतर जन्माचा गेला. आणि हा भिंतीकडे तोंड करून बसतो. काल फार मागे लागले, तर त्यानं तुझी पहिली आवृत्ती काढून वाचून दाखवली: ‘खाली: मूळ अरबी, अर्थ रिकामे. तालातील ही जागा रिकामी असते; डाव्या हातास काम नसते.’ म्हणाला, दादानं आधीच लिहून ठेवलंय, मी कशाला खोटं पाडू?

याच ओळीवरून भांडला होतात ना? शनिवारी वाद्यवाला त्याचा तबला-डग्गा विकत न्यायला येतोय. विद्वान माणसा, काहीतरी कर.

तुझी (चिडलेली)
धाकटी

ता. ९

चि. धाकटीस आशीर्वाद.

तेव्हा तो म्हणाला होता की खालीत डावा गप्प असतो, रिकामा नसतो. मी म्हटलं, शब्दांचं मी बघतो, तू तबला बघ. जन्मभर पोरांना कवितेतली यती शिकवली, इथे थांबा पण वृत्त सोडू नका म्हणून घसा कोरडा केला, आणि घरातली यती कळली नाही.

छपाई थांबवली आहे. सोबतचा कागद त्याला दे: ‘खाली: मूळ अरबी, अर्थ रिकामे. तालात मात्र रिकामी नव्हे. डावा हात इथे थांबतो, मोजतो आणि समेला परततो. (दुरुस्ती माझ्या धाकट्या भावाची.)’

माया पातळ होऊ देऊ नकोस.
दादा

ता. ११, दुपार

ती. दादास सा. न.

टपालाची वाट नको म्हणून बसच्या वाहकाजवळ देते. काल त्यानं कागद दोनदा वाचला. आज सकाळी पाहते तर खोली मोकळी. औषधं उशाशीच. तबला कोपऱ्यात आहे, डाव्या हाताचा डग्गा नाही. वाद्यवाल्याकडेही गेलेला नाही. दादा, मिळेल त्या बसनं ये.

धाकटी

ता. ११, संध्याकाळ

चि. धाकटीस,

वाहक खाली चहा घेतोय, तेवढ्यात लिहितो. या अवस्थेत रस्ता तरी कसा ओलांडणार? मी याच बसनं येतो. तू

दारावर तीन टकटक वाजल्या. लिहिण्याच्या नादात चौथी चुकली.

पुन्हा तीन. खिडकीतून दिसतोय. उजवा हात दारावर, आणि डग्गा छातीशी धरलाय, डाव्यानं. घसरतोय, पण सोडत नाहीये. लेखणी ठेवतो. या खेपेला मोजून उघडायचंय.