करडईचा वाफा

अत्ती, यंदा करडई पेरायची नाही असं मी ठरवलंय. परसातला वाफा तसाच उघडा पडलाय आणि पोरगा म्हणतोय, आई, फरशी घालून टाकू, गाडी लावता येईल. मी हो म्हणाले. म्हणाले खरं, पण तेव्हापासून जिवाला चैन नाही. जाताना तुम्ही माझा हात धरून एवढंच म्हणाला होतात, "वाफा मोडू नको गं." तुमचं बरं, तुम्ही सांगून मोकळ्या झालात. इतकी वर्षं वाकून वाकून माझ्या कमरेचा काटा पार ढिला झालाय, त्याचं काय?

मी मोडनिंबहून तुमची सून होऊन सोलापुरात आले तेव्हा दुष्काळ होता. नळाला पाणी आलं तर आलं. तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, सगळं पाणी त्या वाफ्याला. मी बादल्या वाहतेय आणि तुम्ही पायरीवर बसून हुकूम सोडताय. मंडईत पालेभाजी औषधाला मिळत नव्हती, आणि गिरणीतून दमून आलेल्या तुमच्या लेकाच्या ताटात मात्र भाकरीबरोबर लसूण घालून परतलेली कोवळी करडई. गल्लीतल्या बायका मुद्दाम वाफा बघायला यायच्या. तुम्ही नुसत्या फुगायचात.

आणि मग तो दिवस. तुम्ही देवळात निघालात, उंबऱ्यातूनच म्हणालात, "करडई वर आली बघ, चिवुट ती." आता तुमच्या कन्नडात चिवुट म्हणजे शेंडा खुड, हे माझ्यासारख्या मोडनिंबच्या पोरीला कुठनं कळावं? मला ऐकू आलं चिवट. म्हटलं, भाजी जून झाली, चिवट झाली म्हणतायत, काढून टाकावी. पदर खोचला, सगळा वाफा मुळासकट उपटला आणि शेजारच्या शेळीपुढं टाकला. वर शाबासकीची वाट बघत बसले! शेंडा खुडला की बाजूनं नवी फूट येते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नव्या नवरीनं सासूच्या शब्दापुढं डोकं चालवायचं असतं का?

तुम्ही परत आलात. रिकाम्या मातीकडं बघितलंत, मग शेळीकडं. "अगं बाई! समदं उपटलीस व्हय?" आता ही बाई मला माहेरी धाडणार, दुसरं काही मनात येईना. "तुमीच म्हणला की, चिवट हाय म्हणून," मी रडत रडत म्हटलं. तुम्ही पायरीवर बसलात आणि जे हसायला लागलात, ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. संध्याकाळी लेकानं विचारलं तर म्हणालात, "शेळीनं खाल्ली की रे." खोटंही नव्हतं ते. दुसऱ्या दिवशी आपण दोघींनी पुन्हा बी टाकलं. त्यानंतर बोलता बोलता कन्नड शब्द आला की तुम्ही थांबायचात आणि विचारायचात, "कळलं का गं?" माझ्या आईनंही मला कधी इतकं विचारलं नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवू? तुमचा लेकही आता नाही, आणि पोराला वाचायला दिलं तर तो बिचारा फरशीवाल्याला परत पाठवेल. ते मला नकोय. घडी घालून साड्यांखाली ठेवून देते.

एक मात्र सांगायचं राहिलं. मला करडईची भाजी कधीच आवडली नाही, अत्ती. घशाखाली उतरायची नाही. तुम्ही ताट घेऊन माझ्याशेजारी बसायचात, म्हणून खात गेले. आणि तुम्ही गेल्यावर, निदान जेवताना तरी शेजारी असल्यासारखं वाटेल म्हणून पेरत गेले. आता दमले हो मी.