एक जूनचे दोघे

३ फेब्रुवारी १९६८, शनिवार
रुपचंद टेलरने नवी पँट शिवून दिली. हुबेहूब अरुणेंद्रच्या पँटसारखी. माप त्याने सिनेमा पाहून घेतलं, त्यामुळे कमरेत बसत नाही. श्वास आत ओढला की बसते. सवय होईल.

येत्या जूनला मी एक्केचाळीस पूर्ण करणार. हीरो अरुणेंद्रही. तारीख १ जून १९२७, दोघांची एकच. तो तिकडे वऱ्हाडात एका खेड्यात, मी इकडे भडगावजवळ गिरणाकाठी. अख्खं जळगाव मला धनसिंग म्हणून नव्हे, 'अरुणेंद्रचा जुळा' म्हणून ओळखतं. दर एक जूनला कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात मी पेढे वाटतो. एका वर्षी त्याला शुभेच्छांचं कार्ड टाकलं होतं, तर सहीचा फोटो आला. बायको मंजुळा म्हणते, सही छापील आहे. बायकांना सहीतलं काय कळतं!

ऑफिसात एक जूनचे आम्ही चौघे आहोत. शिपाई अभिमनसुद्धा. लोक एकूण जूनमध्येच जास्त जन्मत असावेत. पण अरुणेंद्रसारखा भांग उजवीकडे पाडणारा मी एकटाच.

संकल्प: यंदा वाढदिवस दणक्यात. पोट कमी करणे.

५ फेब्रुवारी, सोमवार
अरुणेंद्र गेला.

सकाळी रेडिओवर सांगितलं. काल घरी दाढी करता करता कोसळला. हार्टफेल. चाळिसाव्या वर्षी! बातमी लागली तेव्हा मी दाढीच करत होतो. एक गाल झाला होता. वस्तरा खाली ठेवला तो ठेवलाच. मंजुळाने विचारलं तेव्हा म्हटलं, दुःखाने हात चालत नाही. हात खरंच चालत नव्हता.

एका गालावर मफलर ओढून ऑफिसला गेलो. वाटेत जवरीलालच्या किराणा दुकानापुढे ही गर्दी, कारण गल्लीतला मोठा रेडिओ त्याचा. कॉलेजच्या पोरी पदर तोंडाला लावून रडत होत्या. जवरीलाल म्हणाला, पीत होता, जागत होता, जाणारच होता. एक मास्तर म्हणाले, मास्तर मेला तर कुणी रडत नाही. केळीचा एक व्यापारी चिडला होता की भाव पडला त्याची बातमी नाही आणि नाच्यासाठी पान भरून मजकूर. कुणी तर म्हणालं, मेला-बिला काही नाही, इन्कमटॅक्सवाल्यांना चुकवायला लपून बसलाय.

मग जवरीलालने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, भाऊ, तुमची तब्येत कशी आहे? इतक्या वर्षांत त्याने माझी तब्येत कधी विचारली नव्हती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. रडणाऱ्या पोरीसुद्धा.

मी हसून म्हटलं, ठणठणीत. आवाज चिरकला.

६ फेब्रुवारी, मंगळवार
घाबरायचं कारण नाही. विज्ञानाच्या दृष्टीने विचार केला. तो प्यायचा, मी पीत नाही. तो जागायचा, मी नऊला घोरतो. तो नटींबरोबर पळायचा, मी एसटीमागेही पळत नाही. तेव्हा प्रश्नच येत नाही.

तरी खबरदारी म्हणून: पहाटे मॉर्निंग वॉक, चहा बंद, विडी बंद, तेल बंद, मंजुळाशी वाद बंद.

मेहरूण तलावाच्या दिशेने निघालो. थोडं चालल्यावर छातीत धडधड सुरू. चालल्यामुळे की आतून, ते कळेना. टांग्याने परत आलो. चहा घेतला, कारण धडधडीवर चहा बरा असतो. मंजुळाने साखर कमी घातली, त्यावरून वाद झाला. विडी उद्यापासून.

८ फेब्रुवारी, गुरुवार
दाढी वाढली. लोकांना वाटतं, मी शोक पाळतोय. रुपचंद म्हणाला, आम्ही नुसते फॅन, खरं सुतक तुम्हीच धरलं. त्याने माझे पाय धरले. मी बरं म्हटलं. वस्तऱ्याकडे बघवत नाही हे त्याला कशाला सांगा?

सकाळी डावा हात बधिर. घाम फुटला. मुलांना शेवटचं पाहून घ्यावं म्हणून हाका मारल्या. मंजुळा म्हणाली, हातावर झोपला होता. थोड्या वेळाने मुंग्या आल्या आणि हात जिवंत झाला. पण एक दिवस खरं निघालं तर?

खरं लिहितो, इथे कोण वाचणार आहे? मला भयंकर भीती वाटते आहे. जेवताना, चालताना, जमाखर्च लिहिताना, सारखं वाटतं, आता. घास हातात असतो आणि वाटतं, हाच.

अभिमन मात्र मजेत. तोही एक जूनचाच, पण डबा चाटूनपुसून खातो. अशिक्षित माणसाला भीती कळत नाही.

११ फेब्रुवारी, रविवार
टॉकीजच्या आवारात शोकसभा. फॅन मंडळाचा अध्यक्ष रुपचंदच. बाहेर अरुणेंद्रचा जुना सिनेमा पुन्हा लावलेला, हाउसफुल्ल. आत रडणं, बाहेर शिट्ट्या.

मला स्टेजवर बसवलं. कुठे, तर त्याच्या हार घातलेल्या फोटोला खेटून. उदबत्तीचा धूर सगळा माझ्या नाकात. रुपचंद भाषणात म्हणाला, अरुणेंद्र गेले, पण त्यांचे जुळे अजून आपल्यात आहेत. हा 'अजून' माझ्या काळजात गेला. पुढे म्हणाला, देव त्यांना जितके दिवस देईल तितके दिवस आपण त्यांचं दर्शन घेऊ.

मग दोन मिनिटं शांतता. सगळ्यांनी माना खाली घालायच्या होत्या. कुणीही घातली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. वाट बघत होते म्हणा ना!

शेवटी एका म्हाताऱ्या बाईने फोटोला फुलं वाहिली आणि उरलेली माझ्या मांडीवर ठेवून नमस्कार केला. मी उठलो आणि मागच्या दाराने घरी आलो. पँटचं बटण तुटलं.

१२ फेब्रुवारी, सोमवार
मंजुळा जेवली नाही. म्हणाली, भूक नाही. मागच्या सोमवारीही नव्हती. मी मरायला टेकलोय आणि हिला स्वतःच्या पोटाचं पडलंय. बोललो तसं. तिने माझ्या ताटात भाकरी वाढली.

१४ फेब्रुवारी, बुधवार
जिनिंगच्या लोकांची मळ्यात भरीत पार्टी. तेल बंद असल्यामुळे नुसतं बसायचं ठरवून गेलो. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजत होती, त्यात हिरवी मिरची कुटत होते. विचार केला, मरायचंच असेल तर उपाशी का मरा? ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर चार वेळा घेतलं. नंतर छातीत आग. मळ्यातच आडवा झालो आणि सर्वांना माफ केलं. अभिमनने सोडा आणून दिला. मोठा ढेकर आला. माफ केलेलं परत घेतलं नाही, पण घ्यायला हवं होतं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार. धुळे.
रजा टाकून एसटीने धुळ्याला आलो. इथे एक नामांकित ज्योतिषी आहेत. अंधश्रद्धा म्हणून नव्हे, सेकंड ओपिनियन म्हणून.

त्यांनी जन्मवेळ विचारली. माझी पत्रिका कधी केलेलीच नाही. पण अरुणेंद्रची वेळ मासिकात छापून आली होती, पहाटे चार वीस. तारीख एक तर वेळही एकच असणार. तीच सांगितली.

त्यांनी आकडेमोड केली. पुन्हा केली. मग चष्मा काढून विचारलं, ही कुणाची पत्रिका? म्हटलं, मित्राची. ते म्हणाले, हा माणूस आता हयात नसणार. मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, शक्य नाही. असलाच तर त्याला इकडे पाठवा, मला बघायचंय.

बाहेर पायरीवर बसलो. एका लस्सीवाल्याने पाणी दिलं. जळगावला जायचं होतं, पण वाटलं, आधी मायला एकदा डोळे भरून पाहावं. पारोळ्याला गाडी बदलून भडगावची पकडली. ड्रायव्हर फार जोरात चालवत होता. त्याला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा कंडक्टरने मला खाली उतरवायची धमकी दिली.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार. गावी.
काय लिहू, कसं लिहू!

माय ओट्यावर तूर पाखडत होती. माझी दाढी पाहून तिच्या हातातलं सूपच पडलं. कोण गेलं म्हणून ओरडली. मी म्हटलं, अजून कोणी नाही, पण मी जाणार. आणि एवढा बाप्या माणूस, तिच्या मांडीत डोकं घालून रडलो. एक जून, अरुणेंद्र, ज्योतिषी, सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, तू जूनना कसाना रे! तू तर कापूस येचाना दिनमा व्हयना. ती वावरात वेचणी करत होती. पाठीवर गाठोडं घेऊन घरी आली, गाठोडं उतरवलं आणि मी झालो. मला आधी त्या कापसावरच ठेवलं होतं म्हणे. सुईण नंतर आली.

मग एक जून कुठून आली? म्हणाली, मास्तरनी दिधी. बठ्ठा पोरेसले एकच तारीख दिधी. म्हणजे वर्गातल्या सगळ्या पोरांना तीच. मी शाळेत उशिरा गेलो, म्हणून मास्तरांनी दोन सालं कमीही लावली. म्हणजे मी चाळीसचा नाहीच. बेचाळीसचा आहे! अरुणेंद्र ज्या वयात गेला ते वय मी केव्हाच ओलांडलं, आणि मला पत्ताही नाही.

मायला विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाही? म्हणाली, तू कवय इचारं? मी कधी विचारलंच नव्हतं! आणि ती खोकला येईपर्यंत हसली.

चार भाकरी खाल्ल्या. छातीत काही नाही. गिरणेवर जाऊन दाढी केली. दोन्ही गाल. नदीकाठी एकटाच मोठ्याने गाणं म्हटलं. म्हशी बघत होत्या.

१८ फेब्रुवारी, रविवार. जळगाव.
मंजुळाला सांगितलं. तिने नुसतं बरं म्हटलं आणि चुलीकडे वळली. चूल धुरावली नव्हती, तरी डोळे पुसत होती. धाकटी लेक म्हणाली, आई तुमच्यासाठी सोमवार धरत होती. मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

रुपचंदलाही खरं सांगितलं. मला वाटलं, आनंदेल. त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, म्हणजे तुम्ही आम्हाला इतकी वर्षं फसवलं? मंडळाने माझं नाव काढून टाकलं. एक जूनला फोटोशेजारी कोण बसणार, ही त्यांना काळजी. शेवटी अभिमनला नेमलं. त्याची तारीखही मास्तरांनीच दिलेली असणार, हे मी सांगितलं. रुपचंद म्हणाला, निदान तो तरी तसं म्हणत नाही. अभिमनने भांग उजवीकडे पाडला आहे.

पाडू दे. ज्योतिष थोतांड आहे, जुळेपण थोतांड आहे, आणि मला कशाची भीती नाही. रस्त्यात कुणी मान वळवून बघत नाही, एवढं जाणवतं.

१ जून, शनिवार
अरुणेंद्र जयंती. माय आठवडाभर आमच्याकडे आली आहे. सकाळी मस्त दाढी केली, वस्तऱ्याला नवी धार. मुद्दाम गुणगुणत केली. आज पेढे नाहीत, वाढदिवस नाही. माझा खरा दिवस कोणता ते मायलाही ठाऊक नाही. कापसाचा दिवस, एवढंच.

संध्याकाळी जवरीलालच्या दुकानी रेडिओवर अरुणेंद्रवर खास प्रोग्रॅम. सगळी गल्ली जमली. मंडळ आलं. अभिमन गळ्यात हार घालून पेढा खात होता. मायला ऐकायची हौस, म्हणून मी तिला आणि मंजुळाला घेऊन गेलो. जवरीलालने माझी तब्येत विचारली नाही. मी सर्वांना समजावून सांगितलं की तारखेवर माणूस मरत नसतो, शिकलेल्या माणसाने असल्या गोष्टींना भीक घालू नये. लोकांना पटलं. बऱ्याच दिवसांनी चार माणसं माझं ऐकत होती.

मग रेडिओवर अरुणेंद्रची आई बोलली. वऱ्हाडी म्हातारी. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, आज लेकाचा वाढदिवस, काय वाटतं? ती म्हणाली, आज कुठला वाढदिवस? एक जून तर शाळेतल्या मास्तरांनी लावली, वर दोन वर्षं कमी केली. तिचा पोरगा कापूस वेचणीत झाला. गाठोडं उतरवलं, आणि झाला.

अभिमनने हातातला पेढा खाली ठेवला. माय मात्र हरखली. टाळी देऊन म्हणाली, आवो, मना धनसिंगबी तवयच व्हयना! तेच दिन, तेच साल! आणि सगळीकडे बघून हसली.

रुपचंद उठला. अभिमनच्या गळ्यातला हार काढून त्याने माझ्या गळ्यात घातला आणि पाय धरले. मला अभिमान वाटला. अगदी खरं सांगतो, ऊर भरून आला. मग त्या भरलेल्या उरातच धडधडायला लागलं. सगळे माझ्याकडे बघत होते. जवरीलालने विचारलं, भाऊ, तब्येत कशी आहे?

हसलो. आवाज चिरकला.

मंजुळा हसली नाही. माझ्याआधी उठून घरी गेली. मी पोचलो तेव्हा आरशाखालचं दाढीचं सगळं सामान गायब. विचारलं तर म्हणाली, ठेवलंय नीट. कुठे ते सांगत नाही, आणि मीही शोधलं नाही.