रुईच्या अळ्या आणि आभारप्रदर्शन

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर चिडलेय. गेलेल्या माणसावर कुणी चिडतं का, असं आमच्या घरी म्हणतील. म्हणू देत.

इथं शहरात, गारखेड्यातल्या एका शाळेत मी पाचवीला विज्ञान शिकवते. दर शनिवारी पोरांना मागच्या भिंतीपाशी नेते. तिथं रुईची झुडपं आपोआप उगवलेली. वर्गातल्या एका मुलीला पानाखाली खसखशीच्या दाण्याएवढं अंडं दिसलं आणि सगळ्या वर्गाला वेड लागलं. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या निघाल्या, पानं कुरतडून लठ्ठ झाल्या. "मॅडम, हिला आज लई भूक लागलीय!" फ्लॅटच्या खिडकीत मोबाइल घेऊन बसणारी पोरं, ती मधल्या सुट्टीत डबे घेऊन तिथंच बसायला लागली. आता कोष होतील, मग फुलपाखरं, म्हणून वाट बघत होतो आम्ही.

आणि मग हरित शाळेच्या बक्षिसासाठी तपासणी ठरली. हरित, बरं का! मुख्याध्यापक म्हणाले, मागची घाण आधी काढा. त्या मुलीचेच वडील पुढं झाले. गंगापूरकडं त्यांची कपाशी, इथं नोकरी. गावाकडून पाठीवरचा पंप आणला, तणनाशक आणलं, रजा टाकून स्वतः फवारलं. अगदी मनापासून, लेकीच्या शाळेत साप-विंचू निघू नयेत म्हणून. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. शनिवारी गेलो तर पानं करपून लोंबत होती आणि अळ्या खाली मातीत पडलेल्या. काही अजून वळवळत होत्या. "मॅडम, आता काय बघायचं?" एकानं विचारलं. माझ्या तोंडून काय निघालं, सांगू? "गप. नुसतं बघा."

हे तुमचं वाक्य आहे, सर. मी सहावीत आहे, गंगापूरच्या शाळेमागच्या चिंचेवर बगळ्यांची घरटी आहेत आणि तुम्ही आम्हाला खाली बसवलंय. एक पिल्लू चोच वासतं, मी आनंदानं किंचाळते, तुम्ही माझा कान पिळता. "वरडायचं नाय. बघायचं असंल तर तोंड बंद." मग जाताना स्वतःचं भिंग माझ्या हातात ठेवता, "ठेव तुला" म्हणता. त्या दिवशी तुमच्यावरून जीव ओवाळून टाकला असता मी. पुढं पंधरा ऑगस्ट आला, पाहुण्यांच्या अंगावर शीट पडंल म्हणून चिंचेच्या फांद्या तोडल्या, पिल्लं पटापट खाली पडली. आम्ही रडतोय आणि तुम्ही हात मागं बांधून म्हणताय, गप, नुसतं बघा. तोडणाऱ्यांना एक शब्द नाही हो बोललात! बगळ्यांपुढं तोंड बंद ठेवणं मला कळतं. माणसांपुढं कशाला? कोण खाणार होतं तुम्हाला?

तपासणीच्या दिवशी त्या वडिलांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. आभारप्रदर्शन माझ्याकडं. माइक हातात आला आणि माझं डोकंच फिरलं. "आभार कशाचे मानू?" म्हटलं. "मारून टाकलंत तुम्ही सगळं! पोरं रोज बघत होती, आणि तुम्ही विष मारलंत!" ते शाल सावरत उभे राहिले. "मॅडम, रुई आमच्याकडं तणच की वो. कुणी सांगितलं असतं तर हात लावला नसता." मी तरी थांबले नाही. शेवटी मुख्याध्यापकांनी माइक काढून घेतला.

आता मुख्याध्यापकांनी शनिवारचं बाहेर नेणं बंद केलंय. त्याचं मी बघून घेईन, भांडेन, वरपर्यंत जाईन. पण ती मुलगी, जिला पहिलं अंडं दिसलं होतं, ती माझ्याकडं बघत नाही. काल तिच्या बाकाशी वाकले तर दप्तर छातीशी धरून सरकून बसली.

हे पत्र टाकायचं तरी कुठं, म्हणून इथं वहीतच ठेवते. एवढं मात्र कबूल करते, सर. त्या दिवशी माइकवर मी त्या माणसाशी बोलतच नव्हते. जे तुम्हाला ऐकवायचं राहून गेलं होतं, ते मी तिच्या बापाला ऐकवलं, तिच्यादेखत.