दार रुंद, तुळई तोकडी

भाऊराया,

मी बाहेरगावी गेल्याचं बघून तू आईच्या चाकांच्या खुर्चीसाठी दार रुंद केलंस. हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दारावरची जुनी तुळई तोकडी पडली म्हणून तिला फळीचा तुकडा जोडून खिळे ठोकलेस? तुळई म्हणजे काय पायजम्याची नाडी आहे, गाठ मारून वाढवायला?

खुर्चीचं माप तेवढं घेतलंस. वर भिंत आहे, भिंतीवर भरलेली टाकी आहे. ते ओझं कोण पेलणार, तुझा गिलावा? त्याला आत्ताच तडा गेलाय. तुझी बहीण दिवसभर लोकांच्या दारांवर तुळया बसवते, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण मला एक फोन करायला तुला कमीपणा वाटला. भांडण आपलं होतं, डोकं आईचं फुटलं असतं.

टाकी मी रिकामी केलीय. मोटर लावलीस तर याद राख. तुळईखाली टेकू दिलेत, त्यांना हात लावायचा नाही. आईला मागच्या खोलीतच बसव. मी वखारीतून अखंड तुळई आणायला चाललेय, दोन्हीकडे भिंतीवर चांगली वीतभर टेकेल अशी.

आई सकाळपासून येईल त्याला सांगतेय, "माझ्या लेकानं माझ्यासाठी दार मोठं केलं." टेकू कशाला म्हणाली, तेव्हा मी रंगकाम राहिलंय असं सांगितलं. तूही तेच सांग.

आणि संध्याकाळी घरीच थांब. तुळईचं एक टोक तुला धरायचंय. बोलला नाहीस तरी चालेल.

ताई