चादरीमागची पथारी

५ जानेवारी
'गिव्ह अप' म्हणजे हार मानणं. मग त्यात 'अप' कशाला? वर काय जातं? लिननं आज विचारलं. 'उद्या बघून सांगते' म्हणाले. बी.ए. इंग्रजी, आणि हे!

लिन ही ऑनलाइन कंपनीनं दिलेली माझी पहिली विद्यार्थिनी. चीनमधली, वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. परदेशात वृद्धांची सेवा करायची नोकरी हवी आहे. २३ तारखेला मुलाखत, सगळी इंग्रजीत. ती पास झाली तर मी कायम, नाहीतर महिनाभराची चाचणी संपली.

९ जाने.
कंपनीच्या यादीतले दोनशे वाक्प्रचार लिनला तोंडपाठ. अर्थ विचारला की मंत्रासारखं म्हणते. पण 'कालचा दिवस कसा गेला?' म्हटलं की पुन्हा यादीच सुरू. ओळखीचं वाटलं. मीही तीन वर्षं पेपर असेच पाठ केले.

१३ जाने.
घरी लाइट नाही, वायफाय बंद. कंपनीच्या नियमाप्रमाणे पाठीमागे टांगते ती निळी चादर तिथंच सोडून मायकडे घरामागच्या मैदानावर, मिरचीच्या पथारीवर गेले. ती तिथं मिरच्या वाळवते, देठ खुडते. मोबाइलवर सगळं लालच लाल. लिन ओरडलीच, 'हे काय?'

सांगत बसले नाही. मायनं टोपली उचलली: पिक अप. मिरची पसरली: स्प्रेड आउट. सडकी फेकली: थ्रो अवे. शेजारी देठ खुडणारी सखूमावशी शिंकत म्हणाली, 'मन्ही शिंक बी शिकाड तिले!' पथारीवरच्या सगळ्या बाया हसल्या. लिनही, पहिल्यांदा.

मग तीच बोलू लागली, यादीतलं एकही वाक्य नाही. आजी छतावर मिरच्या वाळत घालायची, पाऊस आला की ही आत आणायची. एकदा विसरली, आजीनं झापलं. पुट आउट, टेक इन, टोल्ड मी ऑफ. सगळं बरोबर! मायला सांगितलं.
'हाई बी मिरच्या वाळाडस का? मंग परकी कशी?'

१७ जाने.
कंपनीचा मेसेज: मागे गोंधळ, पार्श्वभूमी नियमाबाहेर. पुन्हा झालं तर शिकवणी बंद. घाबरले. चादर परत टांगली. लिन परत यादी म्हणू लागली. मग थांबून, 'आई कुठे?'
माय दारातून बघत होती. 'चादर लाई आन् पोर मुकी हुई गई.'
खरं सांगायचं तर मला पथारी लपवायचीच होती. कंपनीनं सांगायच्या आधीपासून. मायच्या तिखटानं सोललेल्या बोटांची लाज वाटायची. आज ती लिहूनच टाकली.

२३ जाने.
पास!! लिन पास!
पहिलाच प्रश्न: कामात चूक झाली तेव्हा काय केलंत? तिनं आजीच्या मिरच्या सांगितल्या, मग वृद्धाश्रमातल्या आजोबांची करपलेली लापशी. मुलाखत घेणारी हसली म्हणे. लिनचा मेसेज, 'आय गॉट थ्रू.' खाली, 'जवळजवळ गिव्ह अप केलं होतं. वर काय जातं ते अजून कळलं नाही.'
मलाही नाही.
मायला कॉलेजच्या निकालापेक्षा जास्त आनंद. पूर्ण पथारीला गूळ वाटला.

२५ जाने.
नवी विद्यार्थिनी, तीही चीनची. तिचा पहिला तास आज सकाळी पथारीवरून घेतला, माय शेजारी. तासाआधीच कंपनीला कळवलं होतं की मी इथूनच शिकवणार. उत्तर अजून नाही.
चादर कालच मायला देऊन टाकली. रात्री दव पडतं, तिनं ती मिरच्यांवर पसरली.