केळीच्या खांबांची कमान नको

धुळे, ता. २ डिसेंबर १९९१

ती. नाना,

वाल्मीकचा वाकून नमस्कार. माझा खोकला गेला. आईचा गुडघा आता कसा आहे?

रविवारी आमचा हरित पक्ष आपल्या गावी शाखा काढायला येतो आहे. कृपा करून वेशीवर केळीच्या खांबांची कमान उभारू नका. एरंडोलकडे एका गावाने हौसेने उभारली, तर आमचे अध्यक्ष बाहेरच थांबले. म्हणाले, "झाडे तोडून आमचे स्वागत?"

भाईदासआबा नावाचे तिथले शेतकरी म्हणाले, "भाऊ, घड उतरना का खांब तोडनाच पडस. दया येत व्हई ते घर लई जा!"

घड काढल्यावर केळीचा खांब तसाही तोडावाच लागतो, हे अध्यक्षांना ठाऊकच नव्हते. सगळे हसले. अध्यक्ष चिडून परतले आणि शाखा काढायची राहिली. उपाध्यक्ष मात्र कमानीखालून आत गेले होते, म्हणून दोघांनी बोलणे टाकले आहे. एकाच खोलीत बसतात आणि निरोप मी पोहोचवतो! अगदी वैताग आला आहे.

आपल्याच गावात शाखा निघाली नाही, तर पक्ष मोडेल आणि मला कुठेच तोंड दाखवता येणार नाही.

दोघे वेगवेगळ्या एस.टी.ने येतील. पंगतीत त्यांना शेजारी बसवा. आईला म्हणावे, भरीत चांगले तिखट कर. निदान पाणी तरी एकमेकांकडे मागतील.

तुमचा,
वाल्मीक